हिशेब विचारणारी माणसं

मार्चअखेरीचा स्टॉक मोजायला भोसरीच्या एका कारखान्यात गेले होते. वरचा पत्रा तापलेला, कूलंटचा आंबूस वास नाकात बसलेला, मशिनची घरघर अशी की शेजारच्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागत होता. एक मुलगा क्रेटमधले तयार जॉब मोजून आकडा ओरडून सांगत होता, दुसरा तो वहीत उतरवत होता. संगणकातला साठा आणि प्रत्यक्षातला साठा जुळत नव्हता. फरक फार मोठा नव्हता, पण दिसत होता, म्हणून मी कारण विचारत राहिले. मालक सरळ माणूस. कामगारांचे पगार वेळेवर करणारे, नवं मशिन आलं की सगळ्या शेडला पेढे वाटणारे. चहाचा कप माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, "मॅडम, हे आकडे बँकेला दाखवायला. वाढ होते ती इथं, मशिनवर. चीन एवढा पुढं गेला, तिथं कुणी ऑडिट करत बसलं होतं का?"

बोलण्यात तिरकसपणा अजिबात नव्हता. शेड वाढवताना लागलेल्या परवानग्या, करखात्याच्या नोटिसा, बँकेच्या फेऱ्या यांनी दमलेल्या माणसाचा तो खराखुरा प्रश्न होता. त्यामागचं चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असतंच. बघता बघता उभे राहिलेले पूल, वाऱ्याच्या वेगानं धावणाऱ्या गाड्या, रात्रंदिवस चालणारे कारखाने, आणि या सगळ्या धांदलीत कागद मागणारा कुणीच नाही. मी फरकाची नोंद केली, सह्या घेतल्या आणि निघाले. नाशिक फाट्यावरच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हाही ते वाक्य पाठ सोडत नव्हतं. कारण त्या दिवसांत रात्री जेवणं आटोपल्यावर मी ज्या चिनी अर्थतज्ज्ञाचं लिखाण इंग्रजी अनुवादांतून वाचत होते, तो आयुष्यभर नेमकं हेच करत बसला होता.

वू जिंगलियान त्याचं नाव. जन्म १९३०, नानजिंग.

पण वू यांच्याकडे जायची वाट गू झुन नावाच्या माणसावरून जाते, आणि तिथं मी दरवेळी थांबते. गू झुन मुळात हिशेबनीस. १९१५ साली शांघायमध्ये जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षी एका हिशेब-पेढीत उमेदवारीला लागला आणि एकोणिसाव्या वर्षी बँकांच्या हिशेबलेखनावर त्यानं लिहिलेलं पाठ्यपुस्तक छापून आलं. १९४९ नंतर शांघायच्या वित्त आणि कर खात्याची सूत्रं त्यांच्या हाती आली, आणि १९५२ मध्ये काढूनही घेतली गेली. १९५७ मध्ये त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. समाजवादातसुद्धा काय आणि किती बनवायचं हे बाजारातल्या किमतींच्या चढउतारांना ठरवू द्यावं, हा त्याचा गाभा. चीनमध्ये त्या काळी हे इतक्या स्पष्टपणे कुणी मांडलं नव्हतं. पुढं त्यांच्यावर 'उजवा', म्हणजे समाजवादाचा विरोधक, असा शिक्का बसला, आणि काही वर्षांनी तोच शिक्का पुन्हा एकदा बसला. १९५९ मध्ये त्यांना मजुरीसाठी हेनान प्रांतातल्या शांगचेंग तालुक्यात पाठवलं. तिथं त्यांनी रोजनिशी ठेवली.

ते वर्ष कुठलं आणि तो भाग कुठला, हे लक्षात आल्यावर मला पुढं वाचवेना. शांगचेंग हा शिनयांग जिल्ह्यातला तालुका. माओंच्या 'मोठ्या झेपे'च्या, म्हणजे उत्पादन झटपट वाढवण्याच्या मोहिमेच्या काळात अधिकाऱ्यांनी एकमेकांच्या चढाओढीनं पिकाचे फुगवलेले आकडे वर पाठवले, वरून त्या आकड्यांच्या हिशेबानं धान्य उचललं गेलं, आणि गावांत खायला काही उरलं नाही. देशभरात कोट्यवधी माणसं गेली, आणि शिनयांग हा सर्वांत भीषण झळ बसलेल्या भागांपैकी एक होता. बाराव्या वर्षापासून जमाखर्च जुळवत आलेला माणूस त्या खोट्या आकड्यांचा परिणाम तिथं उघड्या डोळ्यांनी पाहत होता आणि लिहून ठेवत होता. आकडा फुगवणं हा कागदावरचा गुन्हा आहे, असं आमच्या व्यवसायातही पुष्कळांना वाटतं. दंड, व्याज, फार तर तुरुंग. त्या जिल्ह्यात कागदावर जास्त लिहिलेला प्रत्येक पोत्याचा आकडा कुणाच्या तरी चुलीतून वजा झाला होता.

माओंच्या सांस्कृतिक क्रांतीत गू यांच्या पत्नीनं १९६८ मध्ये आत्महत्या केली. ही बातमी त्यांना वर्षभराहून अधिक काळानं कळली. पाचही मुलांनी बापाशी संबंध तोडले होते. १९६९ च्या शेवटी, गू ज्या बेजिंगच्या अर्थशास्त्र संस्थेत होते तिथल्या सगळ्यांना श्रमशाळेत धाडलं गेलं, तेही त्याच शिनयांग जिल्ह्यात. तिथं शेती आणि बांधकामाची मजुरी करणाऱ्यांत त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेले वू जिंगलियानही होते, त्यांच्यावरही प्रतिक्रांतिकारकाचा ठपका. तरुण वयात वू नियोजनावर पूर्ण श्रद्धा ठेवून लिहीत आले होते. आता दिवसा मजुरी आणि मोकळ्या वेळात इतिहासाचं वाचन, प्राचीन ग्रीसच्या नगरराज्यांपासून सुरुवात, असा त्या दोघांचा अभ्यास चालला. आपला देश इथवर का आला, हे समजून घ्यायला त्यांनी इतकं मागं जावंसं वाटावं, याचं मला नवल वाटत नाही. चूक शोधताना जिथं शिल्लक शेवटची जुळली होती, तिथपर्यंत मागं जावं लागतं.

डिसेंबर १९७४ मध्ये गू झुन कर्करोगानं बेजिंगमध्ये गेले. शेवटच्या दिवसांत त्यांनी वू यांना जवळ बसवून सांगितलं होतं की चीनची अर्थव्यवस्था एक दिवस झेप घेईलच, फक्त ती वेळ कधी येईल हे सांगता येत नाही, म्हणून अभ्यास सोडू नकोस. वेळ आल्यावर देशाला द्यायला हातात काहीतरी असलं पाहिजे. वू यांनी नंतर सांगितलंय की गू गेले त्या रात्री घरी परतताना त्यांना विलक्षण थंडी वाजत होती.

वेळ आली. चार वर्षांनी, १९७८ मध्ये, सुधारणा सुरू झाल्या. १९८३ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, वू अमेरिकेतल्या येल विद्यापीठात गेले आणि मुलांच्या वयाच्या विद्यार्थ्यांबरोबर सूक्ष्म अर्थशास्त्राच्या प्राथमिक वर्गांना बसले. देशातला नावाजलेला संशोधक मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषा पहिल्यापासून गिरवतो, हे मला फार मोठं वाटतं. परतल्यावर ते सरकारच्या विकास संशोधन केंद्रात आले. १९८९ मध्ये तिआनमेन चौकातलं आंदोलन चिरडल्यानंतरच्या ताणलेल्या वातावरणात, जेव्हा सुधारणा गुंडाळाव्यात असं म्हणणाऱ्यांचा आवाज चढला होता, तेव्हा १९९० मध्ये पक्षाचे सरचिटणीस जियांग झेमिन यांच्यासमोर झालेल्या एका बैठकीत वू बाजाराच्या बाजूनं ठामपणे बोलले. त्यानंतर त्यांना हिणवण्यासाठी 'बाजार वू' म्हटलं जाऊ लागलं. पेकिंग विद्यापीठाचे ली यीनिंग कारखान्यांचं भागभांडवलात रूपांतर करा असं सांगत आले होते, म्हणून ते 'शेअर ली'. १९९२ मध्ये ज्येष्ठ नेते डेंग शियाओपिंग यांचा, सुधारणांना पुन्हा बळ देणारा दक्षिण दौरा झाला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पक्षानं बाजार-अर्थव्यवस्था स्वीकारली, आणि हिणवणीचं ते नाव वू यांना मानानं चिकटलं.

इथवरची गोष्ट विजयाची आहे. बहुतेक लेख इथंच संपतात. माझ्यासाठी खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण बाजार आला की कंपनी येते, आणि कंपनी आली की हिशेब कुणाला द्यायचा हा प्रश्न येतो. सरकारी कारखान्याची 'कंपनी' करणं कागदावर सोपं होतं. १९९४ च्या जुलैमध्ये कंपनी कायदा लागू झाला. भागधारकांची सभा, संचालक मंडळ, पर्यवेक्षक मंडळ अशा तीन सभा आल्या. पण कारखान्यात पक्षसमिती, कामगार प्रतिनिधींची सभा आणि कामगार संघटना या जुन्या तीन सभाही तशाच होत्या. लोक त्यांना 'नव्या तीन' आणि 'जुन्या तीन' म्हणत. अध्यक्षाची नेमणूक पूर्वी जिथून व्हायची तिथूनच होत राहिली. काही ठिकाणी सरकारी खात्यानं आपल्या दारावरची पाटी बदलली आणि खात्याची कंपनी झाली, आत माणसं तीच, टेबलं तीच. वू त्या वर्षांत सतत सांगत होते की मालक कोण, त्याच्या वतीनं निर्णय कोण घेतो, आणि निर्णय चुकला तर कुणाला घरी पाठवायचं, ही साखळी जुळल्याशिवाय नुसत्या भागपत्रांनी काही होणार नाही.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बेजिंगच्या एका हॉटेलात परिषद भरली. ऑलिव्हर हार्ट, पॉल मिलग्रॉम, रोनाल्ड मॅकिनन आले होते. हार्ट यांना २०१६ मध्ये आणि मिलग्रॉम यांना २०२० मध्ये नोबेल मिळालं, पण तेव्हा ते मुख्यतः अर्थशास्त्राच्या वर्तुळातच माहीत होते. स्टॅनफर्डमध्ये शिकवणाऱ्या च्यान यिंगयी या तरुण चिनी प्राध्यापकानं तिथं 'कॉर्पोरेट गव्हर्नन्स', म्हणजे कंपनी कोण चालवतो आणि तो कुणाला उत्तर देतो, हा विषय मांडला. चीनमधल्या धोरणकर्त्यांना तो जवळजवळ नवा होता. च्यान आणि जपानी अर्थतज्ज्ञ मासाहिको आओकी यांचं म्हणणं असं की समाजवादातून बाहेर पडणाऱ्या देशांत एक विचित्र पोकळी तयार होते. मालक म्हणजे सगळी जनता, म्हणजे व्यवहारात कुणीच नाही, आणि आतले व्यवस्थापक मालकासारखे वागू लागतात. याला ते 'आतल्यांचा ताबा' म्हणत. मी हे वाचताना पेन्सिलीनं समासात दोन रेघा ओढल्या. गावच्या साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला आजोबांबरोबर गेलेल्या मुलीला हे समजायला पुस्तक लागत नाही. मांडवातल्या शेवटच्या रांगेतला सभासद मालक असतो, आणि माईक मात्र त्याच्यापर्यंत कधीच पोचत नाही.

मग २००१ साल उजाडलं.

शांघायचा शेअर बाजार १९ डिसेंबर १९९० ला सुरू झाला होता. दहा वर्षांत दलालांची दालनं भरून वाहू लागली होती. मोठ्या फलकावर लाल आकडे म्हणजे भाव चढले, हिरवे म्हणजे उतरले, आपल्या उलट. समोर खुर्च्यांवर निवृत्त माणसं चहाचे थर्मास घेऊन सकाळपासून बसत. शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या साठपटीच्या आसपास भाव पोचले होते. त्या जानेवारीत वू यांनी दूरचित्रवाणीवर सांगितलं की आपला बाजार जुगाराच्या अड्ड्यासारखा आहे, आणि अड्ड्यालाही नियम असतात, तिथं दुसऱ्याची पानं बघता येत नाहीत. इथं काही जणांना ती बघता येतात. बाजार पडला. दालनांतली माणसं वू यांच्यावर चिडली. फेब्रुवारीत पाच नामवंत अर्थतज्ज्ञ पत्रकारांपुढे आले आणि त्यांनी वू यांना जाहीर विरोध केला. बाजार अजून लहान मूल आहे, त्याला जपायचं सोडून झोडपता कशाला, असा त्यांचा सूर होता. त्या पाचांत 'शेअर ली' होते.

या वादात मी वू यांच्या बाजूची आहे, हे सांगून टाकते. तरी ली यांचं म्हणणं मला पोकळ वाटत नाही. बाजार मोडला असता तर सुधारणा मोडल्या असत्या, आणि विरोधक त्याचीच वाट बघत होते. ली यांनीही फार सोसलं होतं, त्यांनाही वर्षानुवर्षं श्रमाला जुंपलं गेलं होतं. दोघांनाही चीन पुढं जायला हवा होता. फरक इतकाच की पुढं जाताना वही उघडी ठेवायची की थोडी वाढ होईपर्यंत मिटून ठेवायची. आणि वही एकदा मिटली की ती पुन्हा उघडायला कुणीच तयार नसतं, हे मी छोट्या छोट्या कारखान्यांतही पाहिलंय.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका आर्थिक नियतकालिकानं यिनग्वांगशिया या कंपनीचं बिंग फोडलं. आदल्या वर्षी तिचा शेअर पाचपटीहून अधिक झाला होता. वनस्पतींचे अर्क काढून जर्मनीला पाठवतो आणि अमाप नफा मिळवतो, असं ती सांगत होती. पत्रकारांनी थियानजिनच्या सीमाशुल्क कार्यालयातून नोंदी तपासल्या, तर तेवढी निर्यात झालेलीच नव्हती. सत्तर कोटी युआनहून अधिक नफा निव्वळ कागदावर रचलेला होता. ऑडिट करणाऱ्या फर्मचा परवाना गेला. ज्या कंपनीची निर्यात तपासायची तिच्याकडूनच निर्यातीची कागदपत्रं मागून घ्यायची, या एका सवयीनं ती फर्म बुडाली. आमच्याकडे आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीला आलेल्या मुलांना मी अजूनही हेच उदाहरण देते. बँकेचं पत्र बँकेकडूनच मागवा, अशिलानं आणून दिलेलं घेऊ नका.

आणि ऑक्टोबरमध्ये लिऊ शूवेई. बेजिंगच्या एका विद्यापीठातल्या संशोधक, काही काळ ली यीनिंग यांच्याकडेही शिकलेल्या. खोटे ताळेबंद कसे ओळखावेत यावर त्या पुस्तक लिहीत होत्या आणि उदाहरण शोधताना लांतियान या कंपनीवर येऊन थबकल्या. हुबेई प्रांतातल्या होंगहू सरोवराकाठी मासे, बदकं, कमळाची मुळं यांचा धंदा. 'चीनचा पहिला कृषी शेअर' अशी तिची ख्याती. एका बदकामागचा वर्षाचा नफा दोन रंगीत टीव्हींच्या नफ्याइतका, असं तिचे सर्वेसर्वा सांगत, आणि लोक ऐकून घेत. लिऊ यांनी कुठली गुप्त माहिती मिळवली नाही. प्रसिद्ध झालेले ताळेबंद घेतले आणि भागाकार केले. चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागलं तर ०.७७. साठा वगळून भागलं तर ०.३५. म्हणजे वर्षभरात द्यायच्या प्रत्येक रुपयामागं, तिथल्या भाषेत प्रत्येक युआनमागं, हातात पुरेसं काहीच नाही. इतका नफा मिळवणाऱ्या कंपनीकडे देणी भागवायला पैसे नाहीत, आणि ती बँकांच्या नव्या कर्जावर जुनी कर्जं फेडतेय. त्यांनी सहाशे अक्षरांची एक टिपणी लिहिली: या कंपनीला कर्ज देणं ताबडतोब थांबवा. मोजक्या वरिष्ठांसाठी निघणाऱ्या अंतर्गत पत्रकात ती छापून आली.

बँकांनी हात आखडले. कंपनीची माणसं लिऊ यांच्या दारी आली. कंपनीनं त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला, तोही आपल्याच गावच्या, होंगहूच्या न्यायालयात. जानेवारी २००२ मध्ये जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. एकटी राहणारी बाई, हातात एक कॅल्क्युलेटर आणि समोर एक संपूर्ण जिल्हा, ज्याची रोजीरोटी त्या कंपनीवर होती. त्या मागं हटल्या नाहीत. त्याच महिन्यात कंपनीच्या दहा जणांना ताब्यात घेतलं गेलं. मी त्यांच्या छायाचित्राकडे बराच वेळ पाहत राहिले होते. साधा चष्मा, साधे कपडे, कुठल्याही सरकारी कार्यालयात दिसावी अशी मुद्रा. ०.७७ हा आकडा लिहिताना त्यांना भीती वाटली असेल का? मला वाटतं, नसेल. भागाकार बरोबर आला की माणसाला विलक्षण शांत वाटतं. भीती नंतर येते, तो आकडा कुणाला तरी सांगायच्या वेळी.

पण मग भोसरीतला तो प्रश्न पुन्हा नीट विचारायला हवा, कारण त्याला एक दमदार बाजू आहे. खोटे ताळेबंद, कमकुवत न्यायालयं, आतल्यांचा ताबा, हे सगळं असूनही चीन वाढलाच ना? १९७८ नंतरची तीन दशकं वर्षाला दहा टक्क्यांच्या जवळपास वाढ झाली. जागतिक बँकेच्या मोजणीनुसार चाळीस वर्षांत सुमारे ८० कोटी माणसं अतिदारिद्र्यातून बाहेर आली. शिनयांगची उपासमार ज्यांनी पाहिली त्यांच्या नातवंडांच्या ताटात आज मांस आहे. हिशेबाच्या शुद्धतेपायी हे नाकारणं मला जमणार नाही, आणि वू यांनीही ते कधी नाकारलं नाही.

१९९८ मध्ये चार अर्थतज्ज्ञांनी ४९ देशांचे कायदे तपासून दाखवलं होतं की गुंतवणूकदाराला कायद्याचं संरक्षण किती आहे हे देशागणिक फार बदलतं, आणि त्या वाटेनं पुढं कायदा, वित्तव्यवस्था आणि वाढ यांचा संबंध जोडणारं संशोधन उभं राहिलं. त्या यादीत चीन नव्हता. २००५ मध्ये फ्रँकलिन अ‍ॅलन, जून च्यान आणि मेइजून च्यान यांनी चीन त्या मोजपट्टीवर ठेवून पाहिला. कायदा कच्चा, बँका सरकारी, शेअर बाजार अपुरा, आणि तरी वाढ सर्वांत वेगवान. त्यांनी वाढीचे तुकडे पाडले तेव्हा दिसलं की वाढ मुख्यतः शेअर बाजारातल्या आणि सरकारी कंपन्यांतून आलेलीच नाही. ती आली खाजगी आणि स्थानिक मालकीच्या उद्योगांतून. झेजियांग आणि जिआंग्सू प्रांतांत जाऊन त्यांनी उद्योजकांना विचारलं, तर पैसा घरातून, मित्रांकडून, व्यापारी उधारीवर आलेला. कायद्याच्या जागी तिथं पत होती, नाती होती, आणि बुडवलं तर गावात तोंड दाखवता येणार नाही ही धास्ती होती. पुढं याच मंडळींनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर भारतातल्या कंपन्यांचाही असाच अभ्यास केला. आपल्याकडे पुस्तकातला कायदा भक्कम, अंमलबजावणी ढिली, आणि लहान उद्योग इथंही नात्यागोत्यावर आणि विश्वासावर उभे, असं त्यांना दिसलं.

हे वाचून मला भोसरीचे मालक वेगळे दिसू लागले. त्यांच्याकडे हिशेब नाही असं नाहीच. पुरवठादाराचे पैसे कधी द्यायचे, कोणत्या कामगाराच्या मुलीच्या फीसाठी किती उचल दिली, हे त्यांना तोंडपाठ आहे. तो हिशेब ते पन्नास माणसांना रोज देतात. झेजियांगमधल्या वेंझोउच्या बटणं आणि बूट बनवणाऱ्यांनीही तो दिला. तिथं उघडी वही लागत नाही, कारण सगळेच एकमेकांच्या घरातलं जाणतात. अडचण पुढं येते. पन्नासांचे पाच लाख भागधारक झाले, पैसा अनोळखी माणसाच्या पेन्शनमधून यायला लागला, की कुणाच्या तोंडाकडे बघून लाज वाटायची सोय उरत नाही. तिथपासून ऑडिटर लागतो. वू यांनी हे वेगळ्या बाजूनं मांडलं. २००५ च्या सुमारास त्यांनी वाढीच्या पद्धतीवर मोठं लिखाण केलं. त्यांचं म्हणणं असं की चीन जमीन, कर्ज आणि श्रम ओतून वाढतोय, त्यांच्यातून जास्त काढून नव्हे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांहून अधिक रक्कम गुंतवणुकीत जातेय, कारण जमीन आणि कर्ज कुणाला द्यायचं हे अधिकारी ठरवतात आणि त्या अधिकाऱ्याचं प्रगतिपुस्तक वाढीच्या आकड्यावर तपासलं जातं. या वादातही समोर ली यीनिंग होते, अवजड उद्योगांचा टप्पा चुकवता येणार नाही असं म्हणणारे. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारनं ४ लाख कोटी युआनची योजना जाहीर केली आणि ओतणं आणखी वाढलं.

माझ्या लेखी वाढ आणि वही हे दोन विषय नाहीतच. आकडा वर पाठवणाऱ्याची बढती त्याच आकड्यावर अवलंबून असेल तर तो आकडा कसा येतो, हे शांगचेंगमध्ये गू झुन यांनी पाहिलं होतं. पोत्यांच्या जागी पूल आले, फ्लॅट आले. मोठ्या झेपेची आणि या वाढीची बरोबरी करणं अन्यायाचं होईल, हे पूल खरे आहेत, त्यांवरून माणसं जातात. पण प्रश्न विचारण्याची जागा तेव्हाही रिकामी होती आणि पुष्कळ अंशी आजही आहे. एव्हरग्रँड या घरबांधणी कंपनीच्या चिनी शाखेनं २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत मिळून ५६,४०० कोटी युआनची विक्री फुगवून दाखवली, असा ठपका नियामकांनी २०२४ मध्ये ठेवला. जगातल्या चार मोठ्या ऑडिट फर्मपैकी एकीच्या तिथल्या संस्थेवर त्यापायी सहा महिन्यांची बंदी आली. तो आकडा वाचला तेव्हा मी ऑफिसात होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मी शून्यं मोजायला लावली.

दालनांतल्या त्या माणसांचं काय झालं, हे निर्देशांक सांगतो. जून २००१ मध्ये शांघायचा निर्देशांक २,२४५ वर होता. जून २००५ मध्ये तो हजाराच्या खाली गेला. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ६,१२४. आणि २०२४ मध्ये पुन्हा तीन हजारांच्या आसपास घुटमळत होता, जिथं तो २००७ च्या सुरुवातीला पहिल्यांदा पोचला होता. मधल्या काळात अर्थव्यवस्था कित्येक पट झाली. अ‍ॅलन, जून च्यान आणि सहकाऱ्यांनी अलीकडे याचाही शोध घेतला. देशात नोंदलेल्या चिनी कंपन्यांनी भागधारकांना फारच कमी दिलं, तर परदेशी बाजारात नोंदलेल्या चिनी कंपन्यांची कामगिरी त्याहून बरी राहिली. देश तोच, माणसंही बव्हंशी तशीच, पण वही वेगळ्या टेबलावर उघडली जाते. देशाच्या वाढीत थर्मास घेऊन बसणाऱ्याचा वाटा होता, त्याचे पैसे त्यात होते, आणि त्याच्या हाती जे आलं ते हे.

ली यीनिंग २०२३ च्या फेब्रुवारीत गेले. त्याआधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, ग्वांगझोउच्या न्यायालयानं कांगमेई या औषध कंपनीचा निकाल दिला. या कंपनीच्या ताळेबंदात बँकेत असल्याचं दाखवलेली सुमारे २,९९० कोटी युआनची रोकड प्रत्यक्षात नव्हतीच. न्यायालयानं ५२,०३७ गुंतवणूकदारांना मिळून सुमारे २४५.९ कोटी युआन भरपाई द्यायला सांगितलं. नव्या तरतुदीमुळं त्यांतल्या बहुतेक सगळ्यांना स्वतः दावा लावावा लागला नव्हता, जे बाहेर पडले नाहीत ते सगळे आपोआप वादी धरले गेले. ऑडिट फर्मवर पूर्ण रकमेची जबाबदारी, माझ्याच व्यवसायातल्या माणसांवर, आणि ती रास्त आहे असंच मला वाटतं. रोकड मोजणं हे आमचं पहिलं काम. पण खळबळ उडाली ती दुसऱ्याच कलमानं. पाच स्वतंत्र संचालकांना, म्हणजे लक्ष ठेवायला मंडळावर घेतलेल्या बाहेरच्या माणसांना, त्यांत विद्यापीठांतले प्राध्यापक होते, भरपाईच्या दहा किंवा पाच टक्क्यांपर्यंत जबाबदार धरलं गेलं. वर्षाकाठी मिळणाऱ्या मानधनाच्या मानानं अवाढव्य रक्कम. पुढच्या काही आठवड्यांत चीनभर कंपन्यांच्या स्वतंत्र संचालकांचे राजीनामे येऊ लागले.

त्या राजीनाम्यांचं बऱ्याच जणांना वाईट वाटलं. चांगली माणसं आता मंडळावर यायला धजणार नाहीत, असं लिहिलं गेलं, आणि त्यात तथ्य आहे. पाच जणांपैकी एखाद्यानं खरोखर प्रश्न विचारला असेल आणि त्याला उत्तर खोटं मिळालं असेल, तर त्याच्यावर अन्याय झालाच. हे ओझं मी स्वतः वाहते, सहीच्या प्रत्येक दिवशी. तरीही मला त्या बातमीनं आतून बरं वाटलं. सह्या करून चहा पिऊन उठायच्या खुर्चीला त्या दिवशी पहिल्यांदा वजन आलं होतं. जे गेले ते का गेले हे समजतं. जे राहिले, त्यांनी पुढच्या बैठकीत कागद हातात आल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारला असेल, ते मला फार मनापासून जाणून घ्यायचंय.